यक्ष चालतो, मिरची चालत नाही

गेली काही वर्षे मी कोल्हापुरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कथालेखनाचे वर्ग घेते. अशाच एका वर्गात शिरोळ तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपली कथा वाचून दाखवली. काळ शिलाहार राजा दुसरा भोज याचा, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचा. स्थळ पन्हाळ्याच्या पायथ्याशी पडलेला सैन्याचा तळ. आणि नायक एक पहारेकरी, ज्याला रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी तटाच्या दगडांत कोंडलेल्या यक्षाची हाक ऐकू येते. कथा मन लावून लिहिलेली होती आणि वर्ग कान देऊन ऐकत होता. मध्येच तो पहारेकरी जेवायला बसला, समोर भाकरी आणि तांबडा रस्सा आला, आणि रश्शाच्या तिखटाने त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. मी वाचन थांबवले. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज सोळाव्या शतकात ती आपल्याकडे घेऊन आले. त्यामुळे भोजराजाच्या पहारेकऱ्याला तांबडा रस्सा मिळणे शक्य नव्हते, असे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि मग त्याने मनापासून विचारले, “मॅडम, गोष्टीत यक्ष चालतो, मग मिरची का चालत नाही?”

त्या दिवशी वेळ कमी होता आणि मी दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे. इतिहासातील एखाद्या काळात घडणारी अद्भुतकथा लिहायला विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, आणि शिकवायचे झाल्यास कोणत्या शिस्तीने, या मोठ्या प्रश्नाची किल्ली मला त्याच्या त्या एका वाक्यात सापडते.

यक्ष हा लेखकाने वाचकाच्या डोळ्यांदेखत, जाणूनबुजून कथेत आणलेला आहे. तो खरा नाही हे लेखकाला ठाऊक आहे, वाचकालाही ठाऊक आहे, आणि दोघांनी मिळून तो कथेपुरता मान्य केलेला आहे. मिरचीबद्दल असा कोणताही करार झालेला नाही. ती लेखकाच्या नकळत, त्याच्या स्वतःच्या घरच्या ताटातून उठून बाराव्या शतकात जाऊन बसली आहे. वाचकाच्याही ते ध्यानात आले नाही, तर तो कथा संपवून उठताना तांबडा रस्सा आठशे वर्षांपूर्वीचा आहे असे मानून उठेल. यक्षाने कोणाची फसवणूक होत नाही, मिरचीने होते. कल्पना आणि चूक यांतला हा फरक ज्याला एकदा कळला, त्याला वर्तमानपत्र कसे वाचावे, मोबाइलवर आलेला मजकूर कसा तपासावा आणि भाषण कसे ऐकावे हेही बऱ्याच अंशी कळते. म्हणून अशी अद्भुतकथा शिकवली पाहिजे असे माझे ठाम मत आहे, आणि ती कडक शिस्तीने शिकवली पाहिजे हे त्या मताचे दुसरे अंग आहे.

या विषयाबद्दल आपल्याकडे मोठी भीती आहे, आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. इतिहास हा महाराष्ट्रात जिव्हाळ्याचा आणि म्हणूनच ठिणगी पडण्यासारखा विषय आहे. ‘मुलांकडून कौटुंबिक कथा लिहून घ्या, सामाजिक लिहून घ्या, इतिहासाच्या वाटेला जाऊ नका,’ असा सल्ला मला आपुलकीने देणारे सहकारी आहेत. इतिहासाच्या शिक्षकांना वेगळी काळजी वाटते. मुलांना आधीच सनावळी नीट येत नाही. त्यात भुते-यक्ष मिसळले तर खरे काय आणि मनातले काय हे त्यांना उमगणारच नाही, असे त्यांचे म्हणणे असते.

मला हे म्हणणे पटत नाही, कारण मिसळ आधीच झालेली आहे. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांना जो इतिहास ठाऊक असतो, त्याचा मोठा भाग मालिकांतून, पोवाड्यांच्या चित्रफितींतून आणि कोणताही आधार न देता फिरणाऱ्या संदेशांतून आलेला असतो. त्यात कल्पित पुष्कळ असते, पण ‘हे कल्पित आहे’ अशी पाटी कुठेच नसते. याउलट, ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने इतिहासाच्या कापडाला कल्पनेचा तुकडा जोडावा लागतो, त्याला शिवण कुठे आहे हे नेमके माहीत असते, आणि मग दुसऱ्याने केलेली शिवणही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

आणि ही मिसळ काही आपल्या काळात पहिल्यांदा झालेली नाही. ज्यांच्या काळात त्या विद्यार्थ्याने कथा घडवली, त्या शिलाहारांचेच उदाहरण घ्यावे. हे घराणे आपली उत्पत्ती जीमूतवाहन या विद्याधरापासून, म्हणजे एका उपदेवापासून, सांगत असे. नागांना वाचवण्यासाठी जीमूतवाहनाने शिळेवर बसून स्वतःचा देह गरुडाला आहार म्हणून देऊ केला, ही ती कथा. ‘शिलाहार’ या नावाची फोडही त्यावरूनच केली जाते, आणि घराण्याच्या ध्वजावरचे चिन्ह सुवर्णगरुडाचे होते. ताम्रपटाच्या आरंभी ही विद्याधराची वंशावळ येते. त्याच ताम्रपटात पुढे कोणती जमीन कोणाला दिली, तिच्या चतुःसीमा काय, दान कोणत्या तिथीला दिले, याचा काटेकोर हिशेब येतो. पहिल्या भागात गरुड उडतो आणि दुसऱ्या भागात शेताचा बांध मोजला जातो. दोन्ही एकाच तांब्यावर कोरलेले आहेत, पण कोरवून घेणाऱ्याने गरुडाला बांध मोजायला लावले नाही आणि बांधाच्या मापात अद्भुत मिसळले नाही. आजचा इतिहासकार वंशावळीतून राजाची आकांक्षा वाचतो आणि चतुःसीमेतून गावाचा भूगोल वाचतो. विद्यार्थ्याला इतिहासकालीन अद्भुतकथेचा पहिला धडा द्यायचा असेल, तर मी त्याच्या हाती अशा ताम्रपटाचा मराठी अनुवाद देईन आणि गरुडाची ओळ कुठे संपते, शेताची ओळ कुठे सुरू होते, ते पेन्सिलीने दाखवायला सांगेन.

लोककथा याबाबतीत आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी शिस्तीच्या असतात. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांनी सहलीत पाहिलेले असते. स्वर्गमंडपाचे वर्तुळाकार उघडे छत आणि त्याखालचे ४८ खांब त्यांच्या लक्षात राहतात. पण या शिवमंदिरात गाभाऱ्यासमोर नंदी नाही, हे लक्षात आणून द्यावे लागते. लोकांनी त्या रिकाम्या जागेची कथा रचली आहे. सती नंदीवर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, ती परतली नाही. महादेव कोपले, म्हणून हा कोपेश्वर. विष्णूने त्यांना शांत केले, म्हणून गाभाऱ्यात शेजारी धोपेश्वराचे दुसरे लिंग. आणि नंदी राहिला तो तिकडे, कृष्णेकाठच्या यडूरला. या कथेने मंदिराचा एकही दगड हलवलेला नाही. नंदी नाही, लिंगे दोन आहेत, यडूरला नंदी आहे, या तीन गोष्टी जशाच्या तशा ठेवून त्यांच्यामधल्या पोकळीत, आणि फक्त पोकळीत, कल्पना भरली आहे. ज्याने कोणी ही कथा प्रथम सांगितली, त्याच्याकडून कथालेखनाचा जो नियम शिकता येतो, तो मला एरवी तासभर बोलूनही मुलांपर्यंत पोहोचवता आला नसता.

टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात नेल्यावर मुलांना हा नियम वापरून पाहता येतो. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात जे अवशेष मिळाले, त्यांत पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती रोमन जगातून सातवाहन काळातल्या कोल्हापुरात आली. तिची दोन टोके पक्की आहेत: एक भूमध्य समुद्राच्या बाजूचे, दुसरे पंचगंगेच्या काठचे. मधल्या प्रवासाची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. मी मुलांना सांगते की दोन्ही टोके हलवायची नाहीत, मधला दोर तुमचा. एका विद्यार्थिनीने प्रश्न काढला की ज्यांना समुद्र कधी दिसला नाही, त्या ब्रह्मपुरीच्या लोकांनी या देवाला कोणत्या नावाने हाक मारली असेल, आणि पावसाळ्यात पंचगंगा चढू लागली तेव्हा त्यांनी याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल. २०१९ आणि २०२१ चा महापूर स्वतःच्या दारात पाहिलेल्या मुलीलाच हा प्रश्न सुचू शकतो. तिच्या कथेत मूर्ती बोलते, रडते, पाणी मागते. पण घरे मातीची आहेत, नाणी सातवाहनांची आहेत, आणि पाणी उतरते ते पंचगंगेचे पाणी जसे उतरते तसेच, मागे चिखल ठेवून.

मराठी कादंबरीला ही दोन्ही अंगे सुरुवातीपासूनच लाभलेली आहेत, हेही या निमित्ताने नोंदवले पाहिजे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली आणि रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ मध्ये. दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन बहिणी पुढे वेगवेगळ्या घरी नांदल्या. ऐतिहासिक कादंबरीला प्रतिष्ठा मिळाली, आणि अद्भुत हळूहळू लहान मुलांच्या पुस्तकांत जाऊन बसले. माझ्या मते त्यात दोघींचेही नुकसान झाले. अद्भुताला मातीचा आधार राहिला नाही, आणि ऐतिहासिक कादंबरीतले कल्पित आपण कल्पित आहोत हे सांगायला लाजू लागले.

आता त्या भीतीकडे वळते, कारण त्यात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. कोल्हापुरात इतिहासकथा लिहायला सांगितली की दहापैकी सात मुले १६६० च्या आषाढातल्या पन्हाळ्यावर जातात. ते स्वाभाविकच आहे. सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, करार मोडून तोफा घेऊन आलेले राजापूरचे इंग्रज, पावसाची रात्र, महाराजांच्या वेषात पालखीत बसून शत्रूच्या हाती गेलेले शिवा काशीद, आणि घोडखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू व बांदलांचे मावळे. पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जाणाऱ्यांत ही मुले स्वतः असतात; पायाला फोड येतो म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असते. एका विद्यार्थिनीने या रात्रीवर कथा लिहिली. आपल्याकडे रानात माणसाची वाट चुकवणारा चकवा असतो. तिच्या कथेत तो चकवा मावळ्यांच्या बाजूचा होता. त्याने पाठलाग करणाऱ्या फौजेला रात्रभर एकाच डोंगराभोवती फिरवले, आणि बाजीप्रभू सुखरूप विशाळगडावर पोहोचले.

तिचा हेतू प्रेमाचा होता. ज्यांना आपण मानतो ते वाचावेत असे कोणाला वाटणार नाही? तरी मी ही कथा स्वीकारली नाही, आणि त्याचे कारण तिला शक्य तितक्या स्पष्टपणे सांगितले. चकव्याने काम केले असेल, तर खिंडीत उभे राहण्याची गरज उरत नाही. शिवा काशीदांनी पालखीत बसण्याचीही गरज उरत नाही. नेबापूरच्या एका माणसाने पुढे मरण आहे हे पूर्ण कळत असताना दुसऱ्याचा वेष अंगावर चढवला. ही गोष्ट तीनशे साठ वर्षे आपल्याला हलवते ती तिथे चमत्कार झाला नाही म्हणूनच. अद्भुताने खऱ्या माणसाचे मरण माफ केले, की त्या माणसाने मोजलेली किंमत खोटी ठरते. इतिहासाची मोडतोड हा शब्द आपण हल्ली फार सैलपणे वापरतो. माझ्या लेखी खरी मोडतोड ती ही: घडलेल्या त्यागातून त्याग काढून घेणे. ती भक्तीच्या पोटीही होते, आणि तेव्हा ती ओळखणे जास्त कठीण असते.

तिने कथा पुन्हा लिहिली. चकवा तिने सोडला नाही, कारण तो तिचा होता. तो तिने आजीकडून ऐकला होता. पण आता तो भेटतो पालखीच्या भोयांपैकी एकाला, ज्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. तो भोई घाबरून रानात पळालेला आहे, आणि चकवा त्याला पहाटेपर्यंत फिरवून पुन्हा पुन्हा त्याच जागी आणून सोडतो, जिथून खिंडीतला आवाज ऐकू येतो. निकाल बदलत नाही. एका माणसाला आपण कुठून पळालो हे कळते, एवढेच घडते. मोठ्या व्यक्तींना नवख्या लेखकाने कथेच्या मध्यभागी आणू नये, असे मी नेहमी सांगते, आणि त्यामागे कोणाच्या रागाची धास्ती नाही. ज्यांच्याबद्दल वाचकाच्या मनात सगळे आधीच भरलेले आहे, तिथे विद्यार्थ्याला स्वतःचे काही ठेवायला जागाच मिळत नाही. भोयाच्या खांद्यावर मात्र ती भरपूर मिळते.

भाषेचा प्रश्न याहून किचकट आहे, आणि मराठीच्या शिक्षकाला त्यात सर्वांत जास्त आनंद मिळतो. मुलांची ऐतिहासिक मराठी मालिकांतून आलेली असते. शिलाहारांच्या दरबारात मुजरे झडतात, सातवाहनांचा सरदार हुकूम सोडतो, आणि यादवांची फौज किल्ल्याला वेढा घालते. हुकूम, फौज, किल्ला, बाजार, जमीन, शिपाई हे शब्द आपल्या भाषेत फारसी-अरबीच्या संपर्काने आले. शिवकाळात ते इतके रुळले होते की राज्यव्यवहारकोश तयार करवून त्यांना संस्कृत पर्याय द्यावेसे वाटले. म्हणजे १६६० च्या कथेत ‘फौज’ अगदी योग्य आहे. ११९० च्या कथेत नाही. तिथे कटक हवे, दुर्ग हवा, हाट हवा, आज्ञा हवी. लीळाचरित्राची काही पाने मोठ्याने वाचून घेतली की तेराव्या शतकातले मराठी गद्य किती साधे, तोकडे आणि चपळ होते हे मुलांच्या कानावर पडते, आणि ‘हे आर्यपुत्रा’ छापाची वाक्ये आपोआप गळून पडतात. त्यापुढे जाऊन त्यांना हेही सांगावे लागते की शिलाहारांचे कोल्हापूर भागातले लेख संस्कृतात आहेत तसेच कन्नडमध्येही आहेत, आणि त्या पहारेकऱ्याच्या घरात कदाचित कन्नडच बोलली जात असेल. सीमाभागातून येणाऱ्या, घरी कानडी आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या मुलांचे चेहरे हे ऐकताना उजळतात. इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला जागा आहे हे त्यांना पहिल्यांदा जाणवते. मी जुनी भाषा हुबेहूब लिहायला सांगत नाही, ती कोणाला वाचवणारही नाही. आजचीच साधी मराठी लिहावी, फक्त त्या काळाला परके असलेले शब्द चाळून काढावेत, एवढाच माझा आग्रह असतो. या चाळणीने शब्दसंग्रह जितका वाढतो, तितका समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून वाढत नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या कल्पनेतला भूतकाळ फार देखणा असतो. त्यात सगळे घोड्यावर असतात, सगळ्यांच्या अंगावर रेशीम असते. पाणी कोणी भरत नाही, जाते कोणी ओढत नाही, मेलेली गुरे कोणी ओढून नेत नाही. अद्भुतकथेला हा मोह विशेष असतो, कारण ती स्वप्नाच्या जवळची आहे. पण राजर्षी शाहू महाराजांना २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढावा लागला, १९१८ मध्ये महार वतन बंद करावे लागले, आणि १९२० च्या मार्चमध्ये कागल संस्थानातल्या माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद भरावी लागली, ते समाज कसा होता म्हणून, याचे उत्तर त्या रेशमी भूतकाळात सापडत नाही. ज्या गावात कथा घडते, त्या गावाच्या पाणवठ्यावर कोणाला हात लावता येत होता आणि कोणाला येत नव्हता, हे ठरवल्याशिवाय त्या पाणवठ्यात आसरा, म्हणजे पाण्यातली देवता, राहते असे लिहिण्याचा अधिकार लेखकाला मिळत नाही.

याच ठिकाणी अद्भुत इतिहासाला असे काही देते, जे कागदपत्रांना देता येत नाही. एका विद्यार्थ्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच्या करवीर इलाख्यातल्या एका गावाची कथा लिहिली. महारवाड्यातला एक मुलगा सकाळी उठतो, तर त्याची सावली नाहीशी झालेली असते. सावलीचाही विटाळ मानणाऱ्या त्या गावात आता त्याला कुठेही जाता येईल, असे त्याच्या आईला वाटते. तो देवळासमोरून जातो, पेठेतून जातो, वाड्याच्या पायरीशी उभा राहतो. आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की या पोराला सावली नाही. सावली नसते ती भुताला. ज्यांनी काल त्याला दूर सरक म्हटले, तेच आज त्याच्यापासून पळतात. काल तो अस्पृश्य होता, आज तो भूत आहे, माणूस तो दोन्ही दिवशी नव्हता. ही कथा लिहिण्यासाठी त्या मुलाने वतनदारीची कामे कोणती, गावकुसाबाहेरची वस्ती कोणत्या बाजूला, बलुत्याचे धान्य कोण कधी देई, याची महिनाभर विचारपूस केली होती. त्यातले बरेच त्याने स्वतःच्या पणजोबांबद्दल घरात सांगितल्या जाणाऱ्या आठवणींतून घेतले होते. त्यातली एक सावली तेवढी त्याने कल्पनेने पुसली. इतिहासाच्या पुस्तकात अस्पृश्यतेवर एक परिच्छेद असतो आणि मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात. ही कथा ऐकल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

पुराभिलेखात शेतसारा आहे, जकात आहे, वतनाचे तंटे आहेत. जात्यावर बसणाऱ्या बाईचे नाव तिथे नाही, पालखीच्या भोयाचे नाही, सावली सांभाळत चालणाऱ्या पोराचे तर नाहीच. त्यांच्याबद्दल लिहायचे तर कल्पना लागणारच, आणि कल्पना लागणारच असेल तर ती उघडपणे वापरलेली बरी. यक्ष, चकवा, आसरा यांना कथेत घेणारा लेखक निदान हे कबूल करत असतो की मी इथे स्वतःचे काही घातले आहे. प्रामाणिक दिसणाऱ्या, पण आतून रचलेल्या ‘ऐतिहासिक’ प्रसंगांपेक्षा मला ही कबुली अधिक विश्वासाची वाटते.

हे सगळे अभ्यासक्रमात कसे बसवायचे, हा प्रश्न मी थोडक्यात घेते, कारण इच्छा असेल तर तो फार कठीण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांच्या भिंती ओलांडून विषय निवडण्याची मोकळीक दिली आहे. मराठी आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून एका सत्राचा विषय चालवावा. कोल्हापुरात टाऊन हॉलचे संग्रहालय आहे, पुराभिलेखागार आहे, मोडी वाचणारी माणसे आहेत, आणि एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर पन्हाळा आणि खिद्रापूर आहे. यासाठी वेगळा खर्च जवळपास नाही. माझा एकच आग्रह आहे, आणि तो मी सोडणार नाही. प्रत्येक कथेसोबत विद्यार्थ्याने एक पुरवणी जोडावी. तिच्या डाव्या बाजूला कथेतल्या कोणत्या गोष्टी आधाराने घेतल्या आणि आधार कुठला, हे लिहावे. उजव्या बाजूला कोणत्या गोष्टी कल्पिल्या आणि का कल्पिल्या, हे लिहावे. शंभरपैकी चाळीस गुण या पुरवणीला द्यावेत आणि ती इतिहासाच्या शिक्षकाने तपासावी. कथा उत्तम असून पुरवणी रिकामी असेल, तर ते काम अपुरे मानावे. या विषयाने नोकरी कोणती मिळते असे विचारले जाते. मालिका, नाटक आणि ध्वनिकथा यांना असे लिहिणारे हात लागतात, हे खरे आहे. पण ते नसते तरीही मी हा विषय मागितला असता.

इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी या प्रयोगाकडे संशयाने पाहू नये. त्यांच्या तासाला जे प्रश्न मुले विचारत नाहीत, ते कथा लिहिताना विचारतात. दिवा कोणत्या तेलाचा होता? वेळ कशी मोजत? पायात काय होते, आणि ते कोण शिवत असे? परीक्षेत यांपैकी एकही प्रश्न येत नाही, पण यांपैकी एकाचेही उत्तर नसेल तर पात्राला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. गरज पडली की माणूस शोधतो, आणि आपण इतकी वर्षे इतिहास शिकवताना मुलांना ती गरजच लागू दिलेली नाही.

मिरचीची कथा लिहिणारा तो विद्यार्थी दोन आठवड्यांनी पुन्हा आला. त्याने नुसती मिरची खोडली नव्हती. मिरचीच्या आधी आपल्याकडे तिखट कशाने येत होते हे त्याने शोधले होते, आणि ‘मिरची’ हा शब्दच ‘मिरी’वरून आलेला आहे हे त्याला अपार आवडले होते. शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, त्या चालुक्यांच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात बाराव्या शतकातल्या राजाच्या ताटाचे वर्णन आहे, हे त्याला ग्रंथपालांनी सांगितले होते. राजाचे ताट पहारेकऱ्याला मिळणार नाही, हे मात्र त्याने स्वतः ठरवले. त्याच्या नव्या कथेत पहारेकऱ्याच्या वाट्याला ज्वारीची भाकरी आणि पातळ कालवण येते. मिरी त्याला परवडत नाही, ती घाटाखालून बैलांच्या तांड्यावर लादून वर येते, आणि तिच्या गोणी मोजून घेण्याचे काम त्या रात्री त्याच्याकडे असते. गोणीच्या शिवणीतून गळलेले चार दाणे तो उचलतो. आयुष्यात पहिल्यांदा आपले कालवण तिखट करण्याची संधी त्याच्या मुठीत असते. तेवढ्यात तटातून हाक येते. तो उठून जातो, दगडांच्या फटीत ते चारही दाणे ठेवतो, आणि हात मागे घेतो.